ऋषीची भाजी आणि चौथा मजला

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस श्रीगजाननाचे घरोघरी आगमन होते आणि दुसऱ्याच दिवशी, पंचमीस, सप्तर्षी व अरुंधती यांचे पूजन करून व्रतस्थ स्त्रिया बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य करतात. अनेक भागांत श्रावण अमावास्येचा पोळा होऊन तेव्हा पाचच दिवस लोटलेले असतात. ज्या मुक्या जीवाची नुकतीच पूजा केली, त्याच्या कष्टाचा घास निदान एक दिवस आपल्या मुखी जाऊ नये, ही लोकांची भावना आम्हांस फार मनोहर वाटते. व्रतकथेतील रजोदोषाचा भाग आजच्या लेकीसुनांस रुचत नाही, आणि त्यांनी तसे बोलून दाखविल्यास आम्ही त्यांच्याशी वाद घालणार नाही. येथे विषय भाजीचा आहे.

आम्ही वाईचे. कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर आमचे जुने घर. परसात मोरीच्या पाण्यावर अळू माजलेले आणि मांडवाला पडवळ-दोडके लोंबणारे. ऋषीच्या भाजीसाठी बाजारात जाण्याचे कारणच पडत नसे. त्या परसाच्या बळावर आम्ही अनेक वर्षे कीर्तनाच्या उत्तररंगात मोठ्या आवेशाने सांगत आलो की, सदनिकेत राहावयास गेलेल्यांची ऋषिपंचमी संपली. उरली ती विकतच्या वाट्यातली. श्रोते हसत. पुढे सौ.चे गुडघे दुखू लागले आणि पावसाळ्याचे चार महिने आम्हा उभयतांस पुण्यास मुलाच्या चौथ्या मजल्यावरील सदनिकेत काढणे प्राप्त झाले.

पहिल्या वर्षी सूनबाईंनी मंडईतून 'ऋषीची भाजी' म्हणून बांधून ठेवलेला वाटा आणला. सौ.ने तो उलटसुलट पाहून विचारले, "अहो, हे अळू कुणाच्या वाफ्यातलं? तिथे बैल राबला नाही, हे कुणी पाहिलं?"

"हल्ली ट्रॅक्टर असतो," आम्ही म्हणालो.

"म्हणजे बैल सुटला. नांगर सुटला का?"

साठी उलटलेल्या शास्त्र्याने घरातच निरुत्तर व्हावे, असा तो प्रसंग. तिने तो दिवस फळांवर काढला, आणि आमच्या कीर्तनातील विनोद आम्हांस प्रथमच कडू लागला.

आम्ही ग्रंथ उघडले. 'कृष्टपच्य' हा शब्द पाणिनीच्या अष्टाध्यायीत आहे. अर्थ, नांगरलेल्या भूमीत पिकणारे. त्याच्या उलट ते 'अकृष्टपच्य'. मुनींचा नीवार तो हाच. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात पोपटांच्या ढोलीतून सांडलेला नीवार पाहून दुष्यंत आश्रम जवळ आल्याचे ओळखतो. तेव्हा शब्दार्थाने निषेध नांगराचा आहे आणि लोकभावनेने बैलाच्या घामाचा. ट्रॅक्टर भावना सांभाळतो व शब्दार्थ मोडतो. दोन्ही राखील अशी भूमी शहरात कोठली? हा पेच आम्ही जेवताना मांडला. सूनबाई आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "अप्पा, कुंडी."

पुढच्या वर्षीची लागवड आम्ही तिथींवर बांधली. वटपौर्णिमेस अळूचे कंद आणि दोडक्याचे बी. तेथून ऋषिपंचमीपर्यंत सुमारे ७९ दिवस मिळतात. आषाढी एकादशीस भेंडी. तिला ५३ दिवस पुरेसे होतात. माठ महिन्याभरात काढणीस येतो, म्हणून तो नागपंचमीस पेरावा असे ठरले. परंतु त्या दिवशी भूमी उकरू नये हा आपला आचार. कुंडीतील मातीस तो लागू होतो काय, यावर घरात बरीच चर्चा झाली आणि अखेर सौ.च्या निर्णयाने माठ षष्ठीस पेरला. मध्ये अधिकमास आल्यास हे गणित अर्थातच बदलते.

माठास वीतभर खोलीची कुंडी चालते, भेंडीस फूटभर लागते, दोडक्यास त्याहून मोठे पिंप, तळाशी भोके पाडलेले. नुसती माती भिजली की कुंडी दोघांना हलत नाही व सज्जावरही भार येतो. म्हणून माती, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि खत समभाग घेतले. खत देवघरातलेच. निर्माल्यातील दोरे काढून फुले, दूर्वा, तुळशीची पाने वाळक्या पाल्याच्या थरांत घातली की काही महिन्यांत काळी भुसभुशीत माती होते. आमची निम्मी हयात हेच निर्माल्य कृष्णेत सोडण्यात गेली, हे आठवून आता ओशाळल्यासारखे होते.

उन्हाची भेंडी व दोडका कठड्याशी, अळू मागे सावलीस, आणि जाळीवर पूजेसाठी गोकर्ण. कुंड्यांखाली थाळ्या ठेवण्याचे मात्र राहिले. एका सकाळी अळूचे तांबडे पाणी खालच्या मजल्यावरील गृहस्थांच्या वाळत घातलेल्या सोवळ्यावर ठिबकले. ते रागावले आणि त्यांचे रागावणे रास्तच होते. थाळीत साचलेले पाणीही रोज ओतून टाकावे, अन्यथा डास होतात.

दोडक्याने आम्हांस सर्वांत अधिक शिकविले. फुले येत, पण कोवळे फळ पिवळे पडून गळे. त्याची नरफुले व मादीफुले वेगळी असतात आणि ती सायंकाळी उमलतात. चौथ्या मजल्यावर त्या वेळी कीटक कोठून यावेत? मग दिवेलागणीस, देवापाशी निरांजन लावून झाल्यावर, सौ. कठड्याशी जाई आणि नरफूल खुडून त्याचा पराग मादीफुलास लावी. फुलाच्या देठाशी इवला दोडका असतो, तीच मादीची खूण. आठवड्याभरात दोन दोडके धरले.

पंचमीच्या भाजीत अळू, माठ, नऊ भेंड्या आणि ते दोन दोडके पडले. मक्याची दोन ताटे लाविली होती. त्यांच्या कणसांत दाणे तुरळक भरले, कारण मक्याचा पराग वाऱ्यावर जातो व दोन ताटांत तो पुरत नाही. सौ.ने ती विरळ कणसे तशीच तुकडे करून घातली. चिंच, हिरवी मिरची, ओले खोबरे. आमच्याकडे फोडणी देत नाहीत. कीर्तनातील ते वाक्य आम्ही काढून टाकले आहे, आणि जेथे जेथे ते म्हटले होते तेथे पुन्हा गेल्यास चूक झाल्याचेही सांगतो. भाजीची एक वाटी खालच्या मजल्यावर पाठविली होती. ती दुसऱ्या दिवशी परत आली, आणि पाठोपाठ ते गृहस्थही अळूचा एक कंद मागावयास आले.