चाळींतील परदेशी पाहुणा

अवोकॅडो हें फळ आतां क्रॉफर्ड मार्केटांतच नव्हे, तर दादरच्या भाजीबाजारांतही दिसूं लागलें आहे. फळ कापलें कीं आंतून निघालेली मोठी, गुळगुळीत बी मुलें हातांत घेतात आणि विचारतात, "हिचें झाड होईल का?" झाड होईल, फळ मात्र घरांत बहुधा लागणार नाहीं. या दोन्ही गोष्टी मुलांस आरंभींच सांगाव्या, असें आमचें मत आहे.

हा वृक्ष मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिका येथील. आपल्या देशांत कूर्ग, निलगिरी अशा डोंगराळ भागांत त्याची लागवड होते. मसाल्याच्या डब्यांतील दालचिनी आणि तमालपत्र याच्याच कुळांतलीं. तेव्हां पाहुणा दूरचा असला तरी अगदींच परका नव्हे.

बीच्या कमरेस तीन-चार काड्या टोंचून ती पाण्याच्या पेल्यावर अधांतरीं ठेवावी, ही युक्ति सर्वत्र सांगतात. परंतु मुंबईंत साठलेलें पाणी म्हणजे डेंग्यूच्या डांसांस आमंत्रण; अंड्यापासून डांस होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. पेला ठेवावयाचाच असेल तर दोन दिवसांआड घासून पाणी बदलावें. आम्ही सरळ कुंडीच पसंत करतों. बी धुवून, रुंद बाजू खालीं व निमुळती वर, अशी अर्धी मातींत बसवावी. माती भुसभुशीत हवी. थोडी वाळू व मुरलेलें शेणखत मिसळावें. कुंडीस तळाशीं भोंक पाहिजेच, आणि खालच्या ताटलींत पाणी सांचूं देऊं नये. तीन ते सहा आठवड्यांत बी दुभंगते व कोंब वर येतो. तोंपर्यंत उकरून पाहण्याचा मोह मुलांनीं आणि वडील मंडळींनींही आवरावा.

रोप वीतभराहून बरेंच उंच झालें कीं शेंडा खुडावा, म्हणजे बाजूस फांद्या फुटतात. वरची माती बोटास कोरडी लागली तरच पाणी घालावें. अति पाण्यानें मुळें कुजतात. गिरगांव-लालबागच्या चाळींत उजेडाची टंचाई फार, म्हणून सकाळचें ऊन येणारी जागा शोधावी. मात्र कुंडी गॅलरीच्या कठड्यावर ठेवूं नये. खालून माणसें जात असतात. पानें शेळ्यांस किंवा पाळीव पक्ष्यांस खाऊं घालूं नयेत. तीं त्यांस विषारी आहेत.

आतां फळाविषयीं. बीच्या झाडास मोकळ्या जमिनींतही फळ धरण्यास पांच-दहा वर्षें, कधीं त्याहूनही अधिक लागतात. कुंडींत तर क्वचितच धरतें. शिवाय 'खाण तशी माती' ही म्हण येथें चालत नाहीं. बीचें झाड आईसारखें निपजेलच असें नाहीं. म्हणूनच बागाईतदार कलमें करतात. परंतु याच अनिश्चिततेंतून एक नवलही घडलें. कॅलिफोर्नियांत रुडॉल्फ हॅस नांवाच्या पोस्टमननें १९२० नंतरच्या दशकांत एक बी लावली. तिच्या रोपावर कलम धरेना, म्हणून तो तें तोडणार होता. पण त्याच्या मुलांस त्याचें फळ आवडलें आणि झाड वांचलें, अशी हकीकत सांगतात. त्या जातीचें पेटंट त्यानें १९३५ सालीं घेतलें. मूळ झाड २००२ सालीं गेलें. तरी बाजारांत येणारीं काळपट, खडबडीत सालीचीं 'हॅस' फळें त्याच्याच कलमांच्या वंशांतलीं आहेत.

म्हणून मुलांस फळाचें वचन देऊं नये, आणि झाडाची आशाही मोडूं नये. खोट्या आशेनें लावलेलें रोप दुसऱ्या वर्षीं कोंपऱ्यांत वाळतें. खरें सांगून लावलेल्या रोपास रोज कोणी तरी पाणी घालीत राहतें. पुढें तें गॅलरींत मावेनासें झालें, तर ज्या आप्ताच्या गांवीं पाणी न तुंबणारी मोकळी जमीन आहे त्याच्या स्वाधीन करावें. त्याची सावली दुसऱ्या कोणाच्या अंगणांत पडली, तरी तें लावणाऱ्या मुलाचें कांहींच वायां जात नाहीं.