तीन झाकणं पाणी

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर एक प्लास्टिकचं झाकण येतं. त्यावर ५ आणि १० अशा रेघा असतात. रोह्याच्या मामीने तसं एक झाकण उकळून, पुसून फुलपात्रात पालथं घातलं होतं. दर पंधरा मिनिटांनी तिच्या मोबाइलवर गजर वाजायचा, की ती उठून दादासमोर तीन झाकणं मोजायची. तीस मिलिलिटर. तेही घोट घोट घ्यायचं, गटकन नाही. पहिलं झाकण संपायलाच पाच मिनिटं लागायची, आणि तिसरं संपेपर्यंत पुढचा गजर दारात. एरवी पाहुण्याच्या पानात ‘राहू दे, राहू दे’ म्हणेस्तोवर भात वाढणारी ही बाई. तिच्या हातात ते झाकण पाहून मला हसूही येत होतं आणि कसंसंही होत होतं.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. वय ४१, बारा वर्षं मस्कतला. गेल्या डिसेंबरात आला तेव्हा वजन १३७, शिवाय साखर, रक्तदाब आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास. वजनाच्या ऑपरेशनसाठी माणसं देश ओलांडतात हे आता नवल राहिलेलं नाही. अमेरिकेतली माणसं सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआनाला जातात, इंग्लंडमधली इस्तंबूलला. मस्कतलाही हे ऑपरेशन होतं. पण तिथे खर्च त्याच्या आवाक्याबाहेरचा, आणि नंतर घरी करणारं कोणी नाही. म्हणून त्याने वर्षाची सगळी रजा एकदम घेतली आणि नवी मुंबईतलं एक रुग्णालय ठरवलं. ‘बॅरिअॅट्रिक’ हा शब्द आमच्याकडे बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकला तो २०११ साली, नितीन गडकरींच्या ऑपरेशनची बातमी आली तेव्हा. मामीला अजूनही तो नीट म्हणता येत नाही. ती ‘पोटाचं’ म्हणते.

ऑपरेशनआधीचे दोन आठवडे तो पेणला माझ्याकडे होता, कारण तपासण्यांसाठी सारखं जावं लागणार होतं. एंडोस्कोपी, पोटाची सोनोग्राफी, हृदयाचा एको, थायरॉइड, तीन महिन्यांची सरासरी साखर, रात्रभर यंत्र लावून झोपेची तपासणी. मानसोपचारतज्ज्ञाकडेही पाठवलं. ‘मला वेडा समजतात काय’ असं पुटपुटत गेला आणि तासाभराने गप्प होऊन बाहेर आला. आत काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

हे दोन आठवडे फक्त पातळ पदार्थांवर काढायचे होते. जाड माणसाच्या यकृतात चरबी साठलेली असते आणि त्या यकृताचा डावा भाग नेमका जठरावर पसरलेला असतो. दुर्बिणीतून काम करताना तो आड येतो. आहार तोडला की यकृत चौदा-पंधरा दिवसांत आक्रसतं आणि सर्जनला हात घालायला जागा होते. हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा पटलं. पण पेणमध्ये पोह्याचे पापड वाळत घातलेल्या अंगणांवरून रोज चालायला जायचं आणि घरी येऊन ताकाचं पाणी प्यायचं, हे पटवून घेणं वेगळं. चवथ्या दिवशी तो चिडला, सातव्या दिवशी त्याचं डोकं दुखायला लागलं, दहाव्या दिवशी मात्र म्हणाला, ‘अगं, भूक मेलीच की!’ मेली नव्हती, दबली होती.

वेळ जावा म्हणून मी त्याला हमरापूरला एका ओळखीच्या गणपती कारखान्यात नेलं. तेव्हा साच्यांचं काम चालू होतं. रबरी साच्यात प्लास्टर ओततात, मजबुतीला काथ्या घालतात, आणि ते घट्ट झालं की रबर हातमोज्यासारखं उलटं सोलून काढतात. आत पांढराशुभ्र गणपती, आणि कारागिराच्या हातात लोंबणारं, आकार हरवलेलं रबर. दादाने मूर्तीकडे नाही, त्या रबराकडे बराच वेळ पाहिलं. पुढे अमेरिकेला, मॉरिशसला जाणाऱ्या मूर्ती पेंढ्यात आणि खोक्यात कशा बसवतात तेही कारागीर सांगत होता. सोंड आणि बोटं जपायची, पोट बिनधास्त, पोटाला कधी काही होत नाही. ‘आमचं उलटं आहे,’ दादा म्हणाला.

ऑपरेशन ‘स्लीव्ह’ पद्धतीचं. म्हणजे जठराची बाही शिवायची. पोटावर पाच छोटी छिद्रं पाडतात, आत कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, त्यामुळे आतलं सगळं एकमेकांपासून सुटं होतं. मग तोंडातून जठरात एक नळी सोडतात. तिचं माप ३६ फ्रेंच, म्हणजे १२ मिलिमीटर जाडी. त्या नळीच्या कडेकडेने स्टेपलर चालवत जायचं. तो एकाच दाबात कापतोही आणि टायटेनियमच्या बारीक पिनांच्या रांगांनी शिवतोही. जठराचा बाहेरचा फुगीर भाग असा सुटा होतो आणि आत केळ्यासारखी अरुंद नळी उरते. शेवटी निळं पाणी सोडून शिवण कुठे गळत नाही ना ते पाहतात. काढून टाकलेल्या वरच्या भागात घ्रेलिन नावाचं भूक लावणारं संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं. त्यामुळे केवळ पिशवी लहान झाली म्हणून नव्हे, तर भूकच कमी लागते म्हणून माणूस कमी खातो, निदान पहिली एक-दोन वर्षं. मग शरीर आपल्या जुन्या वाटा शोधू लागतं. डॉक्टरांनी हेही लपवलं नाही.

सव्वा तासाने शस्त्रक्रियागृहाचं दार अर्धं उघडलं आणि ‘नातेवाईक कोण?’ अशी हाक आली. स्टीलच्या ट्रेमध्ये दादाचं जठर होतं. गुलाबी-करडं, ओलं, कडेने पिनांची रांग चेनसारखी. मामी दोन पावलं मागे सरली. मला हमरापूरचं सोललेलं रबर आठवलं. मूर्ती कुठेतरी आत होती.

आमच्या शेजारच्या खोलीत टांझानियाहून आलेल्या एक बाई होत्या, सोबतीला धाकटी बहीण. ऑपरेशननंतर दहा-बारा दिवस रुग्णालयाजवळच भाड्याच्या खोलीत राहून मग विमानाने परत जायचं, असं त्यांचं ठरलं होतं. बहिणीने मामीला खुणेने विचारलं, ‘किती लांब?’ मामीने तीन बोटं दाखवली. तीन तास. बहीण हसली, तिने आकाशाकडे बोट केलं. तेव्हा मला इमान अहमद आठवली. २०१७च्या फेब्रुवारीत इजिप्तच्या अलेक्झांड्रियाहून तिला मालवाहू विमानाने मुंबईला आणलं होतं, वजन सुमारे ५०० किलो. चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात क्रेनने वर चढवलेला तिचा पलंग सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. ७ मार्चला डॉ. मुफझ्झल लकडावाला यांच्या चमूने तिच्यावर हीच स्लीव्ह केली. पुढे वजन किती उतरलं, तब्येत खरंच किती सुधारली यावर घरचे आणि डॉक्टर यांच्यात जाहीर वाद झाला, ४ मेला तिला अबूधाबीला हलवलं आणि २५ सप्टेंबरला तिथेच ती गेली. तिची गोष्ट दादासारखी नव्हती. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली, अनेक आजारांनी घेरलेली. पण एक गोष्ट तिच्यामुळे माझ्या डोक्यात बसली: अशा प्रवासात येतानाचं विमान सगळे बघतात. कस लागतो तो नंतर, माणूस कुठे आहे आणि कापणारा हात कुठे आहे यात.

आमच्यात तीन तासच होते. पण तेही मुंबई-गोवा महामार्गाचे. पोटाशी उशी घट्ट धरून दादा मागच्या सीटवर, पायांत घट्ट मोजे. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून तासाभराने उतरून चालायचं होतं, म्हणून पेणला थांबलो, मग नागोठण्याला. पळस्पे ते इंदापूर या पट्ट्याच्या रुंदीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. त्या पट्ट्यातला प्रत्येक खड्डा दादाने त्या दिवशी पाच छिद्रांनी मोजला. गंमत म्हणजे पोटापेक्षा त्याचे खांदे जास्त दुखत होते. आत भरलेला वायू उरतो, श्वासपटलाला टोचतो आणि कळ खांद्यात जाते. भिसे खिंडीतून खाली उतरताना कुंडलिकेकडचा गार वारा लागला तेव्हा तो पहिल्यांदा सैल बसला.

मग मामीचं राज्य सुरू झालं. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला कागद इंग्रजीत होता आणि त्यातले पदार्थ कुठल्याशा हॉटेलातले वाटत होते. मामीने त्याचं रोह्याच्या भाषेत रूपांतर केलं. ‘क्लिअर सूप’च्या जागी कुळथाचं कढण, दोनदा गाळून. ‘राइस वॉटर’ म्हणजे पेजेची निवळ. शहाळ्याचं पाणी होतंच. दोन आठवड्यांनंतर दाट पातळ सुरू झालं, तसा नाचणीच्या आंबिलाचा प्रवेश झाला. रोज किमान साठ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, म्हणून डब्यातली पावडर ताकात घुसळायची, गुठळी राहिली तर पुन्हा गाळायची. जेवताना पाणी नाही, आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास. ही शिस्त मामीला मनापासून पटली, कारण तिच्या आईनेही तिला हेच सांगितलं होतं म्हणे.

पाचव्या रात्री घाबरलो. आम्हाला एक नियम पक्का पढवला होता: नाडी मिनिटाला १२०च्या वर, ताप, डाव्या खांद्यात नवी कळ, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. शिवण गळायला लागली तर ती बहुधा अशीच ओळख देते, आणि घरी आल्यावरही गळू शकते. रात्री अकराला दादाची नाडी ११४. ताप नाही. पण मामीने मोजली तेव्हा ११४, मी मोजली तेव्हा ११८, आणि आम्हा दोघींचीही त्यापेक्षा कमी नसावी. रोह्यातले एक वयस्कर डॉक्टर शालीतच आले. पोट दाबून पाहिलं, कागद वाचला आणि सरळ म्हणाले, ‘हे मी आयुष्यात केलेलं नाही, पाहिलेलंही नाही. तुमच्या डॉक्टरांना फोन लावा, मी त्यांचे हात होतो.’ इतकं प्रामाणिक वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडून फार वेळा ऐकलेलं नाही. फोनवरून एक प्रश्न विचारत होता, इकडे दुसरा बोटांनी उत्तर शोधत होता. निदान साधं निघालं. शरीरात पाणी कमी. दिवसभर पाहुण्यांची रीघ होती, त्यात गजर चार वेळा वाजून गेला होता आणि मामी चहा करत होती. सलाइनच्या दोन बाटल्या चढल्या आणि पहाटे नाडी ९०वर आली. दुसऱ्या दिवसापासून मामीने पाहुण्यांना दारातूनच वाटेला लावलं.

जानेवारीअखेर मागच्या अंगणात पोपटी लागली. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, मडकं उपडं आणि भोवती पेंढ्याचा जाळ. रायगडातल्या माणसाला या वासापुढे नियम सांगू नयेत. दादा तेव्हा मऊ आहाराच्या टप्प्यावर नुकताच आला होता. मामीने आहारतज्ज्ञ बाईंना फोन करून वाल म्हणजे काय ते आधी समजावलं, मग परवानगी मागितली. साल काढून, चमच्याने ठेचून, चार दाणे. एकेक दाणा तो किती वेळ तोंडात घोळवत होता! बाकीच्यांची अर्धी पोपटी संपली तरी त्याचा तिसरा चालू होता. चवथा त्याने परत दिला. पोट भरलं म्हणाला. मामी त्या एका दाण्याकडे बघत राहिली. मग तिनेच तो खाल्ला.

ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी तो परत गेला, ११४ किलोवर. दरवेळी बॅगेत पेणचे पापड, कडवे वाल, सुकट असायची. या वेळी पावडरचे डबे, कुळथाचं पीठ, कॅल्शियम, लोह आणि बी-१२च्या गोळ्या. त्या आता जन्मभराच्या.

मार्चात मस्कतहून फोन आला. केस गळताहेत. ते अपेक्षितच होतं, पण रक्त तपासायला तो तिथल्या डॉक्टरांकडे गेला होता आणि त्यांनी विचारलं, ऑपरेशन नेमकं कसं झालंय, नळीचं माप काय, कागद कुठे आहे? कागद रोह्याच्या कपाटात, वालाच्या डब्याखाली. मामीला फोटो काढता येतो, पाठवता येत नाही. मी पेणला. मग तिने चष्मा लावला, फोन स्पीकरवर ठेवला आणि ती समुद्रापलीकडे एकेक अक्षर वाचून दाखवू लागली, ‘बी… ओ… यू… पुढचं जी आहे की नऊ, कळत नाही रे… त्यापुढे छत्तीस, आणि मग नुसता एफ.’