चष्म्याची काडी आणि हरवलेला डग्गा

क्लोज्ड-बॅक हेडफोन शेजारी शेजारी मांडून त्यांच्या आवाजाची तुलना या आठवड्यात व्हायची होती. ती एका भागाने पुढे ढकलावी लागते आहे. बेंगळुरूच्या चिकपेटेतून आलेल्या एका पत्राने त्या तुलनेच्याही आधीचा प्रश्न विचारला आहे, आणि तो सुटल्याशिवाय कुठला हेडफोन कसा वाजतो हे सांगण्यात फारसा अर्थ उरत नाही.

पत्र लिहिणारे गृहस्थ रेशमी साड्यांच्या एका दुकानात हिशेब सांभाळतात. घरात मराठी, गल्ल्यावर कन्नड. दुपारी गिऱ्हाईक पांगलं की वह्या पुऱ्या करताना त्यांना ख्याल ऐकायचा असतो. त्यासाठी त्यांनी चांगलं नाव असलेला एक क्लोज्ड-बॅक हेडफोन घेतला. खोक्यावर बाहेरचा आवाज अडवण्याचा घसघशीत आकडा होता. प्रत्यक्षात गोंगाट जेमतेम कमी झाला आणि तबल्यातला डग्गा जवळपास नाहीसाच झाला. गंमत म्हणजे तोच हेडफोन घरी मुलीने लावला तर तिला डग्गा भरपूर ऐकू येतो. तुकडा सदोष निघाला का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. कागदाच्या तळाशी, सहज आठवलं म्हणून लिहावं तशी एक ओळ आहे: जवळचं-लांबचं दोन्ही दिसण्यासाठी चष्मा कायम लागतो, फ्रेम जाड आहे.

हेडफोन ठणठणीत आहे. डग्गा पळवला आहे तो चष्म्याच्या काडीने.

क्लोज्ड-बॅक हेडफोनचा सगळा डोलारा कानाभोवतीच्या पॅडवर उभा असतो, हे गेल्या भागात ओझरतं येऊन गेलं. मागून बंद असलेला कप, पुढे ड्रायव्हरचा पडदा, भोवती पॅड आणि पलीकडे आपला कान. या सगळ्यांनी मिळून हवेची एक छोटीशी बंद खोली तयार होते. मोकळ्या हवेत १०० हर्ट्‌झच्या सुराची एक लहर सुमारे ३.४ मीटर लांब असते. एवढी लांब लहर चार-पाच सेंटिमीटरचा पडदा मोकळ्या खोलीत कधीच जोराने उभी करू शकला नसता. कानापाशी ते जमतं, कारण तिथे लहर पसरवायची नसते. कोंडलेल्या हवेचा दाब तेवढा वरखाली करायचा असतो. पॅडचं सील पक्कं, म्हणजे खोली हवाबंद असेल तर हे काम अगदी खोल सुरांपर्यंत होत राहतं.

आता पॅड आणि कातडी यांच्यामध्ये चष्म्याची काडी आली की काडीच्या वर-खाली दोन बारीक फटी राहतात. सायकलच्या पंपाचा वायसर झिजला की काय होतं ते आठवावं. दांडा सावकाश दाबला तर हवा बाजूने निसटते आणि ट्यूबमध्ये काहीच जात नाही. झटक्यात दाबला तर थोडीफार जाते. हेडफोनमध्येही तसंच. खालचे सूर म्हणजे सावकाश दाब, ते फटीतून निसटून जातात. वरच्या सुरांना निसटायला वेळच मिळत नाही, ते कानापर्यंत पोचतात. त्यामुळे गायकाचा आवाज, सारंगी, हार्मोनियम सगळं ठीक वाटतं आणि फक्त पाया खचतो.

तबल्याच्या बाबतीत याचा परिणाम फार पुढे जातो. ‘धिं’ या बोलात दाहिन्यावरचा ‘तिं’ आणि डग्ग्यावरचा ‘गे’ एकत्र वाजतात. डग्गा निसटला की धिंचा तिं होतो. तीनतालाचा ठेका घ्या. नेहमीच्या ठेक्यात दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत, ‘तिं तिं ता ता’ या बोलांना डग्गा गप्प असतो आणि चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’ला परत घुमतो. या गप्प बसण्यामुळेच ऐकणाऱ्याला खाली कळते आणि समेची चाहूल लागते. गळक्या सीलच्या हेडफोनमधून सोळाच्या सोळा मात्रा एकसारख्या ठकठकत राहतात. ‘बेस थोडा कमी आहे’ असं म्हणून ही गोष्ट सोडून देणाऱ्यांनी एकदा तीनताल या कानाने ऐकावा. तालाचा आकारच पुसला गेलेला असतो.

इथे सी. व्ही. रामन यांची आठवण येणं अपरिहार्य आहे, आणि बेंगळुरूतल्या वाचकाला उत्तर देताना तर ती यायलाच हवी. १९३३ साली ते भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून या शहरात आले आणि शेवटपर्यंत इथेच राहिले. प्रकाशावरच्या त्यांच्या कामाला नोबेल मिळालं, पण त्याआधी कोलकात्यात असताना त्यांचा जीव वाद्यांत रमला होता. १९२० साली शिवकाली कुमार यांच्याबरोबर ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवून दिलं की मृदंग-तबल्याच्या पुडीवरची शाई त्या चामड्याच्या बेसूर कंपनांना सुरात बसवते. साध्या ढोलाचे उपसूर एकमेकांशी जुळत नाहीत. शाई लावलेल्या पुडीचे जुळतात. पुढच्याच वर्षी तानपुरा आणि वीणा यांच्या घोडीच्या वक्र पाठीमुळे तारेतून उपसुरांचा एवढा मोठा घोळका कसा उठतो, यावर त्यांनी लिहिलं. ज्याला आपण जवारी म्हणतो तिचं हे शास्त्र. हेडफोन पारखायला परदेशी चाचणी-तबकड्या शोधत बसण्याची गरज नाही ती यामुळेच. तळाच्या सुरांसाठी डग्गा आणि वरच्या सुरांसाठी जवारी, एवढं एका ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात असतं. कपाच्या आत आवाज आपटून परत येत असेल तर जवारीचा रंग लगेच बदलतो. हा मुद्दा तुलनेच्या भागात सविस्तर येईल.

परत काडीकडे.

ज्या फटीतून डग्गा बाहेर जातो, त्याच फटीतून चिकपेट आत येते. आणि चिकपेटेचा गोंगाट साधा नाही. केंपेगौडांनी १५३७ च्या सुमारास ज्या चौकातून चार दिशांना नांगर धरून शहराची आखणी केल्याचं सांगतात, तो दोड्डपेट आणि चिकपेट यांचा चौक. पुढे १६३८ मध्ये विजापूरकरांनी हे शहर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. रस्ते त्या जुन्या पेठेच्याच रुंदीचे राहिले आणि त्यांवरची वाहनं आजची आहेत. व्यापारी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसाची मर्यादा ६५ डेसिबल आहे, पण हेडफोनच्या दृष्टीने एकूण डेसिबलपेक्षा आवाज कुठल्या उंचीचा आहे हे महत्त्वाचं. हॉर्नचा जोर चारशे-पाचशे हर्ट्‌झपासून वर दोन-तीन हजारांपर्यंत असतो. जनरेटर आणि इंजिनांची घरघर शंभर-दोनशेच्या आसपास. माणसांचं बोलणं दोन्हीकडे विभागलेलं: स्वर खाली, आणि शब्द ओळखायला लागणारी च, स, ट, क ही व्यंजनं दोन हजारांच्या वर.

क्लोज्ड-बॅक कप वरचं सगळं छान अडवतो. म्हणून नीट बसलेल्या हेडफोनमधून शेजारी घासाघीस चालली आहे हे कळतं, पण शब्द लागत नाहीत. हॉर्न लांब गेल्यासारखा वाटतो. घरघर मात्र तशीच राहते, कारण शंभर-दोनशे हर्ट्‌झच्या खाली नुसत्या प्लास्टिक आणि फोमने फारसं काही अडत नाही, सील कितीही चांगलं असो. चिकपेटेच्या मेट्रो स्थानकातून रोज जाणाऱ्यांना याचा अनुभव असेल. जून २०१७ मध्ये सुरू झालेल्या त्या टप्प्यात मॅजेस्टिक, चिकपेट आणि कृष्णराजेंद्र मार्केट ही तीन स्थानकं जमिनीखाली आहेत. भुयारात गाडी शिरली की उद्घोषणा बुजते आणि रुळांचा गडगडाट हेडफोनमधूनही ऐकू येतो.

त्या घरघरीवरचा उपाय वेगळ्या वाटेने आला. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला निघाले होते. विमानात मिळालेल्या हेडफोनमधून इंजिनाच्या आवाजापुढे संगीत ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच गणित मांडलं: बाहेरचा आवाज मायक्रोफोनने पकडून उलटा वाजवला तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतील. वैमानिकांसाठीचा त्यांचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला. ही युक्ती खालच्या सुरांवर चालते, नेमकी जिथे नुसता कप हरतो तिथे. त्यावर स्वतंत्र भाग लिहायचा आहेच. मात्र तिलाही सील लागतंच, चष्म्याची काडी तिथेही आडवी येते.

आता खोक्यावरच्या आकड्याचं. सेनहायझर एचडी २८० प्रो या हेडफोनवर ‘३२ डेसिबलपर्यंत’ असं असतं. बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रोसाठी कंपनी सुमारे १८ सांगते आणि त्याच घराण्यातल्या, ढोल वाजवणाऱ्यांसाठी केलेल्या डीटी ७७० एमसाठी ३५. या आकड्यांत खोटं काही नाही. पण ‘पर्यंत’ हा शब्द वाचायचा राहतो. सगळ्यात जास्त अडवणूक वरच्या सुरांत होते आणि आकडा तिथला असू शकतो. शिवाय मोजताना पॅडखाली काडी, जाड केस, कानातलं असं काही नसतं. हार्मन कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी खऱ्या माणसांच्या डोक्यांवर हीच गळती मोजून पाहिली. एकच हेडफोन डोक्यागणिक खालच्या सुरांत बराच वेगळा वाजतो, हे त्यातून दिसलं. म्हणजे बाप-लेकीला एका हेडफोनमधून दोन वेगळे तबले ऐकू येणं यात नवल नाही.

दुकानात तपासायची रीत सोपी आहे. चष्मा घालूनच हेडफोन लावायचा, कारण घरी तसंच ऐकायचं आहे. विलंबित एकतालातला ख्याल लावायचा आणि दोन्ही तळहातांनी कप हलकेच डोक्याकडे दाबायचे. बेस किंचित बदलला तर सोडून द्यावं, ड्रायव्हर कानाजवळ आल्यानेही तेवढं होतं. डग्गा एकदम उसळून वर आला तर सील गळतं आहे. मग चष्मा काढून तोच तुकडा पुन्हा. शेवटी काडी कानावरून थोडी वर, पॅडच्या वरच्या कडेला नेऊन पाहायची. पुष्कळदा एवढ्यानेच अर्धा डग्गा परत येतो.

गळतं म्हणून पकड घट्ट करावी, असं वाटणं साहजिक आहे. इथे आरामाचा हिशेब सुरू होतो. घट्ट हेडबँड काडीला कानावरच्या हाडात रुतवतो आणि तासाभरात कानशील दुखायला लागतं. याउलट पुस्तकांच्या चवडीवर रात्रभर ताणून हेडफोन सैल करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. चष्मेवाल्यांनी तो मुळीच ऐकू नये. दुखणं थांबेल, पण आवाज आणि बाहेरच्या गोंगाटाची अडवणूक दोन्ही त्या चवडीवर राहतील. वजन हाही आरामाचा भाग आहेच: सोनीचा एमडीआर-७५०६ सुमारे २३० ग्रॅमचा, डीटी ७७० प्रो २७०, ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स २८५, तर फोकलचा महागडा स्टेलिया ४३५. पण वजन डोक्यावर येतं आणि पकड कानाभोवती. चष्मा लावणाऱ्याला आधी दुसरी जाचते.

खरा तोडगा पॅडमध्ये आहे. मेमरी फोमचा, चामड्यासारख्या कापडाचा मऊ पॅड अंगाच्या उबेने सैलावतो आणि काडीच्या भोवती बसतो, म्हणून तो लावल्यावर मिनिटभर थांबून मगच ऐकावं. मखमली पॅड कातडीला सुखाचा असतो, घाम टिपतो, पण कापडातूनच थोडी हवा जात राहते. डीटी ७७० प्रोच्या ८० आणि २५० ओहमच्या आवृत्त्यांना मखमल असते आणि ३२ ओहमच्या आवृत्तीला कृत्रिम चामडं, ते पाहून घ्यावं. मुंबईत किंवा रत्नागिरीत मे महिन्यात चामड्याचा पॅड अर्ध्या तासात चिकचिकतो. नऊशे मीटर उंचीवरच्या बेंगळुरूत तो तीन ऋतू सहज चालून जातो, तेव्हा या वाचकाने मखमलीच्या मोहात पडू नये. कृत्रिम चामडं घामाने काही वर्षांत पापुद्रे टाकू लागतं. पापुद्रे सुटले की सीलही गेलंच, तेव्हा पॅड बदलायचे. मूळ पॅडपेक्षा जाड पॅड घेतले तर ड्रायव्हर कानापासून लांब जातो आणि सगळा आवाजच बदलतो, म्हणून मूळ मापाचेच मागावेत.

या सगळ्या खटाटोपाचं आणखी एक कारण आहे. गोंगाटात माणूस नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी आहे आणि दर ३ डेसिबलला तास निम्मे होतात: ८३ ला २०, ८६ ला १०, ८९ ला ५. रोज दुपारी दोन तास ऐकणाऱ्यासाठी सहा डेसिबलची गळती हा फार मोठा फरक आहे. ख्यालाची आवड असलेल्या माणसाचे कान साठीनंतरही जवारी ऐकू शकले पाहिजेत.

तर चिकपेटेच्या वाचकांसाठी: हेडफोन परत करू नये. पुढच्या वेळी चष्मा बदलताना पातळ, चपट्या धातूच्या काड्यांची फ्रेम घ्यावी. तोवर ऐकण्यापुरती काडी वर सरकवावी. एस. पी. रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार चालण्याच्या अंतरावर आहे, तिथे मूळ मापाचे मेमरी फोमचे पॅड मिळाले तर तेही लावून पाहावेत आणि तीनतालाची खाली परत ऐकू येते का ते जरूर कळवावं.

पुढच्या भागात राहिलेली तुलना: सोनी, बायरडायनॅमिक, सेनहायझर, ऑडिओ-टेक्निका आणि २०१९ चा एकेजी के३७१. प्रत्येक हेडफोन दोनदा ऐकला जाईल, एकदा चष्म्यासह आणि एकदा चष्म्याविना.