उठलेला बाजार पुन्हा भरला

इंग्लंडमधल्या ऑल्ट्रिंगमला बाजार भरवायची सनद मिळाली ती १२९० साली, पहिल्या एडवर्ड राजाच्या काळात. पुढची सातशे वर्षं हा बाजार टिकला. राजवटी बदलल्या, रेल्वे आली, दोन महायुद्धं होऊन गेली. २०१० च्या सुमारास मात्र या गावाचं नाव देशभर गाजलं ते वेगळ्याच कारणानं. ब्रिटनभरात रिकाम्या दुकानांचं सर्वांत मोठं प्रमाण इथे होतं, जवळजवळ ३० टक्के. मुख्य रस्त्यानं चालताना दर तिसऱ्या-चौथ्या दुकानाला टाळं दिसायचं. वर्तमानपत्रांनी त्याला भुताटकीचं गाव ठरवून टाकलं.

आश्चर्य म्हणजे गाव गरीब नव्हतं. ऑल्ट्रिंगम मँचेस्टरच्या नैर्ऋत्येला जेमतेम १३ किलोमीटरवर आहे. १८४९ मध्ये इथे रेल्वे आली, तेव्हा शहराच्या धुराला कंटाळलेल्या धनिकांनी शेजारच्या बाउडन आणि हेल भागांत बंगले बांधले. ती श्रीमंती आजही तिथे नांदते आहे. १९९२ मध्ये मँचेस्टरची मेट्रोलिंक ट्राम सुरू झाली, तेव्हा तिच्या पहिल्याच मार्गाचं एक टोक ऑल्ट्रिंगम होतं. बदलापूर किंवा टिटवाळ्याहून रोज मुंबई गाठणाऱ्यांना या गावाचं वेळापत्रक सांगायची गरज नाही. सकाळी माणसं शहराकडे जातात आणि संध्याकाळी झोपायला परततात. पगार शहरात होतो, आणि सोय असली की खरेदीही तिथेच उरकली जाते.

घाव घातला तो मात्र शहरानं नव्हे, मॉलनं. १९९८ च्या सप्टेंबरमध्ये ऑल्ट्रिंगमपासून गाडीनं थोड्याच अंतरावर ट्रॅफर्ड सेंटर उघडलं. संगमरवर, घुमट, सोनेरी नक्षी असा सगळा थाट, आणि दहा हजारांहून जास्त गाड्या फुकट उभ्या करायची सोय. या मॉलविरुद्ध आजूबाजूच्या नगरपालिका कोर्टात गेल्या होत्या. आमची बाजारपेठ बसेल, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठानं, मॉलच्या बाजूनं कौल दिला. यातला विनोद असा की मॉल आणि ऑल्ट्रिंगम दोन्ही एकाच ट्रॅफर्ड कौन्सिलच्या हद्दीत येतात. ज्या कौन्सिलच्या अंगणात मॉल उभा राहिला, तिलाच पुढे त्यानं ओस पाडलेला रस्ता सावरायला बसावं लागलं.

त्यात २००८ ची मंदी आली. वूलवर्थ्ससारखी साखळी बुडाली आणि देशभरातली तिची आठशेच्या आसपास दुकानं काही आठवड्यांत बंद झाली. ऑनलाइन खरेदी वाढतच होती. पण एवढ्यानं कोडं सुटत नाही. गिऱ्हाईक कमी झालं तर भाडं उतरावं आणि स्वस्तात कुणीतरी नवा दुकानदार यावा, हा साधा हिशेब. ब्रिटनमध्ये तो जुळत नव्हता. तिथल्या जुन्या पद्धतीच्या दुकानकरारांत साधारण दर पाच वर्षांनी भाड्याचा फेरविचार होतो आणि अनेकदा अट अशी असते की भाडं वाढेल किंवा तेवढंच राहील, उतरणार नाही. गाळ्यांचे मालक पुष्कळदा दूरच्या शहरातले गुंतवणूक फंड. इमारतीची कागदावरची किंमत भाड्यावर ठरते, त्यामुळे भाडं उतरवून किंमत पाडण्यापेक्षा गाळा रिकामा ठेवणं त्यांना परवडतं.

वरून बिझनेस रेट्स, म्हणजे दुकानावरची घरपट्टीच म्हणा. ती विक्रीवर नव्हे, जागेच्या अंदाजित भाड्यावर आकारली जाते. २०१० मध्ये लागू झालेली आकारणी २००८ च्या भाड्यांवर बेतलेली होती, म्हणजे मंदीचे दात दिसण्याआधीच्या चढ्या दरांवर. पुढची फेरआकारणी २०१५ मध्ये व्हायची होती, सरकारनं ती २०१७ पर्यंत ढकलली. मधल्या काळात पडत्या बाजारातले दुकानदार तेजीतल्या दरानं कर भरत राहिले.

सरकारला हे दिसत नव्हतं असं नाही. टीव्हीवर गाजलेल्या मेरी पोर्टास यांनी २०११ मध्ये हाय स्ट्रीट, म्हणजे गावोगावच्या मुख्य बाजारपेठा, वाचवण्यासाठी २८ शिफारशी केल्या. पाठोपाठ बारा गावांना प्रत्येकी सुमारे एक लाख पौंड मिळाले. कॅमेरे आले, फुलांच्या कुंड्या लागल्या. पण दुकानं बंद पडायची थांबली नाहीत.

ऑल्ट्रिंगममध्ये वळण मिळालं ते मंडईपासून. विक्टोरिया राणीच्या काळातली, छपराखाली भरणारी ही मंडई मरगळली होती. कौन्सिलनं ती चालवायला दिली निक जॉन्सन यांना. जॉन्सन हे मँचेस्टरच्या अर्बन स्प्लॅश या बांधकाम कंपनीतले माजी अधिकारी. जुन्या गिरण्या आणि गोदामांना नवं रूप देण्यात या कंपनीचा हात धरणारं कुणी नव्हतं. २०१४ मध्ये मंडईची मुख्य इमारत नव्यानं उघडली. आत लांबलचक लाकडी टेबलं, अनोळखी माणसांनी शेजारी बसायचं, भोवतीनं स्थानिक लोकांनी चालवलेली छोटी स्वयंपाकघरं: लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा, पाई, स्टेक, कॉफी, बिअर. साखळीतल्या एकाही ब्रँडला जागा नव्हती. टेबल राखून ठेवायची पद्धत नव्हती. बाहेरच्या छपराखाली भाजी, पाव, चीज आणि हस्तकलेचे ठेले लागत.

यात शोध लावल्यासारखं काही नाही, असं कुणाला वाटेल. पण यातली निवड धाडसाची होती. जे मॉलमध्ये मिळतं ते इथे विकायचंच नाही, हा तो निर्णय. तोवर ऑल्ट्रिंगम कपड्याच्या आणि बुटांच्या मोठ्या ब्रँडना पुन्हा गावात बोलवायची धडपड करत होतं. ती शर्यत गाव कधीच हरलं होतं.

याच सुमारास मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठातल्या प्राध्यापक कॅथी पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा गावांच्या बाजारपेठांचा अभ्यास हाती घेतला. त्यात ऑल्ट्रिंगमही होतं. बाजारपेठेच्या भवितव्यावर परिणाम करणारे २०१ घटक त्यांनी जमवले आणि त्यांतून गावाच्या हातात असलेले २५ प्राधान्याचे निवडले. ती यादी वाचताना हसू येतं, इतकी ती साधी आहे. दुकानांच्या वेळा काय, रस्ता कसा दिसतो, चालायला सोपं आहे का, गावातल्या संस्था एकमेकांशी बोलतात का. नोकरदारांच्या गावात दुकानं साडेपाचला बंद होत असतील, तर सहाच्या ट्रामनं उतरणाऱ्यानं खरेदी करायची कधी? गावात येणाऱ्यांची वर्षभराची मोजणी पाहून त्यांनी गावांचे प्रकारही पाडले. खास खरेदीची, पर्यटकांची, आणि रोजच्या कामाला लोक येतात ती. बहुतेक लहान गावांचं खरं बळ या शेवटच्या प्रकारात असतं, पण गावाला मात्र पहिल्या प्रकारात मिरवायचं असतं.

मंडईभोवती इतर गोष्टी घडत गेल्या. पदपथ रुंद झाले, वाहनं मागे सरली. जुन्या स्थानकाच्या जागी २०१४ मध्ये बस, ट्राम आणि रेल्वे एकत्र आणणारं नवं स्थानक झालं. २०१५ मध्ये गावाच्या मध्यभागी नवं रुग्णालय उघडलं. रुग्णालयाचं कुणी कौतुक करत नाही, पण मंगळवारी दुपारी रस्त्यावर माणसं आणायचं काम तेच करतं. तपासणीला आलेला माणूस औषधं घेतो, चहा पितो, जाता जाता पाव घेतो. मंडईची कीर्ती शनिवारच्या गर्दीवर उभी आहे. रस्ता जगतो तो अशा मंगळवारांवर.

रिकाम्या दुकानांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आलं. २०१८ मध्ये इंग्लंडमधली सर्वोत्तम हाय स्ट्रीट म्हणून ऑल्ट्रिंगमला पुरस्कार मिळाला. २०२० च्या मार्चमध्ये 'संडे टाइम्स'नं ते ब्रिटनमधलं राहायला सर्वांत चांगलं ठिकाण ठरवलं. नेमक्या त्याच दिवसांत लॉकडाऊन लागला आणि लांब टेबलांवर खांद्याला खांदा लावून जेवायची कल्पनाच काही काळ गुन्हा ठरली.

मोठी दुकानं मात्र या यशानं वाचली नाहीत. पुरस्कार मिळाला त्याच २०१८ मध्ये हाउस ऑफ फ्रेझरनं बंद करायच्या ३१ शाखांची यादी काढली, त्यात ऑल्ट्रिंगमची शाखा होती. पुढच्या वर्षी ब्रंटवुड या कंपनीबरोबर भागीदारी करून कौन्सिलनं गावातलं स्टॅमफर्ड क्वार्टर हे खरेदी केंद्रच विकत घेतलं. यामागचं तर्कशास्त्र भाड्याच्या गोष्टीत आहे. मालक गावातलाच असेल, तर गाळा रिकामा ठेवायचा की स्वस्तात द्यायचा, हे गावाच्या हिताकडे बघून ठरवता येतं. धोकाही तितकाच आहे. केंद्र तोट्यात गेलं तर झळ जनतेच्या पैशाला बसते.

जॉन्सन यांनी पुढे मँचेस्टरमध्ये मॅकी मेयर ही जुनी मंडई याच पद्धतीनं उघडली आणि मॅकल्सफील्डमध्ये जुन्या चित्रपटगृहात पिक्चरड्रोम. आता इंग्लंडभर अशा फूड हॉलचं पेव फुटलं आहे. पण ऑल्ट्रिंगमची नक्कल करणाऱ्यांनी हेल आणि बाउडनचे बंगले विसरू नयेत. महागडा पिझ्झा घेऊ शकणारी माणसं तिथे आधीपासूनच राहत होती. त्यांना घराबाहेर पडायला निमित्त तेवढं हवं होतं. जिथे लोकांच्या खिशातच पैसा नाही, तिथे लांब टेबलं मांडून काय होणार?

ईशान्येकडच्या स्टॉकटन-ऑन-टीजनं म्हणून निराळा मार्ग धरला. दुकानं जरुरीपेक्षा जास्त आहेत, हे तिथल्या कौन्सिलनं उघडपणे मान्य केलं. हाय स्ट्रीट आणि टीज नदी यांच्यामध्ये सत्तरच्या दशकापासून ठाण मांडून बसलेलं कॅसलगेट खरेदी केंद्र तिनं विकत घेतलं. आतल्या दुकानदारांना पलीकडच्या वेलिंग्टन स्क्वेअरमध्ये जागा देऊ केली आणि २०२२ मध्ये कॅसलगेट पाडायला सुरुवात केली. त्या जागी गावाला थेट नदीपर्यंत नेणारी बाग करायची, अशी योजना होती.