रिव्हर्स घेण्याआधी

ओहायोत गावाबाहेर एक-दोन एकरांची जागा घेतली की घराबरोबर गवतही पदरात पडतं. एप्रिलपासून ऑक्टोबर संपेपर्यंत ते वाढतच असतं. हाताने ढकलायच्या यंत्राने एवढी जागा आवरत नाही, म्हणून मग बसून चालवायचा मोअर घरात येतो. ऐसपैस सीट, हाताशी पाण्याची बाटली, वेग ताशी आठ-नऊ किलोमीटर. या संथपणालाच माणूस फसतो. पायाखालच्या डेकमध्ये फिरणाऱ्या पात्याचं टोक त्याच वेळी ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास धावत असतं, आणि सीटवर बसलेल्याला ते दिसत नाही.

हे यंत्र मला शिकवलं ते शेजारच्या गृहस्थांनी. जन्मभर मका आणि सोयाबीन केलं, आता जमीन खंडाने दिली आहे, आणि टाउनशिपच्या जुन्या दफनभूमीतलं गवत कापायचं काम तेवढं घेतात. किल्लीला हात लावण्याआधी ते सगळी जागा पायी फिरून येतात. वाळक्या फांद्या, कुत्र्याने टाकलेलं हाडूक, मुलांचा चेंडू, बागेतला रबरी पाइप, जे दिसेल ते उचलतात. शरद ऋतूत काळ्या अक्रोडांचा सडा पडतो. त्यातला एक जरी पात्याखाली आला तर गोफणीतून सुटावा तसा बाहेर जातो. म्हणून डेकच्या बाजूला, गवत बाहेर पडतं त्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण ते कधी काढू देत नाहीत. गवत लांब पसरावं म्हणून कितीतरी जण ते वर बांधून ठेवतात किंवा काढूनच टाकतात. तसं केलं की दगड गुडघ्याच्या उंचीवर सरळ सुटतो. ते तोंड घराच्या खिडक्या, रस्ता आणि माणसं यांच्याकडे येणार नाही, अशा बेताने ते फेऱ्या आखतात.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती रिव्हर्सची. मागे जाताना सीटच्या पाठीमुळे जमिनीलगतचं काही दिसत नाही, आणि दोन-तीन वर्षांचं मूल नेमकं तेवढ्याच उंचीचं असतं. इंजिनाच्या आवाजात त्याची हाक ऐकू येत नाही. पाती फिरत असताना रिव्हर्स टाकला की इंजिन बंद पडावं अशी सोय बहुतेक नव्या यंत्रांत असते. त्याला बगल द्यायची तर वेगळं बटण दाबावं लागतं किंवा किल्ली फिरवावी लागते. शेजारी त्या बटणाला हात लावत नाहीत. आधी पाती बंद करतात, ती थांबेपर्यंत थांबतात, मग एका खांद्यावरून, नंतर दुसऱ्या खांद्यावरून मागे बघतात, खाली जमिनीपर्यंत. मागे जाऊन झालं की पाती पुन्हा सुरू.

आपल्या लोकांना मुद्दाम सांगायला हवं असं इथे एक आहे. उन्हाळ्यात पुण्या-नाशिकहून आजी-आजोबा येतात आणि नातवंडाला मांडीवर घेऊन मोअरवरून एक चक्कर मारावी असं आजोबांना हमखास वाटतं. फोटोही छान येतो. त्यात मूल खाली घसरण्याचा धोका असतोच, पण मोठा धोका नंतरचा आहे. एकदा चक्कर मिळालेलं मूल पुढच्या वेळी इंजिनाचा आवाज आला की आनंदाने त्या दिशेने धावत सुटतं, आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे की सोळा वर्षांखालच्या मुलांनी हे यंत्र चालवू नये, आणि मूल बरोबर बसवून तर कुणीच चालवू नये. आमच्या घरी गवत कापणं चालू असतं तेव्हा मुलं घरात असतात आणि त्यांच्याजवळ कुणीतरी मोठं माणूस असतं. कडबाकुट्टीपाशी मूल फिरकू न देणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे चटकन समजेल. हिरवळ आणि आरामशीर सीट पाहून शहरातल्या माणसाला ते पटायला वेळ लागतो.

दफनभूमी टेकडीच्या अंगाला आहे. पंधरा अंशांपेक्षा जास्त चढ असेल तिथे बसून चालवायचं यंत्र न्यायचं नाही, ही मर्यादा बहुतेक मॅन्युअलमध्ये छापलेली असते. पंधरा अंश म्हणजे दहा फूट चालल्यावर पावणेतीन फुटांच्या आसपास चढ. आकडा ऐकून तो किरकोळ वाटतो, सीटवर बसल्यावर तसा वाटत नाही. स्टिअरिंगचा लॉन ट्रॅक्टर उतारावर सरळ वर-खाली न्यायचा, आडवा नाही. आडवा नेला तर कलंडतो. शेजाऱ्यांचं यंत्र झिरो-टर्न आहे, दोन दांड्यांनी वळणारं. त्याची दिशा मागची चाकंच ठरवतात. दवाने ओल्या गवतावर ती घसरली की वेगही हाती राहत नाही आणि वळणही. म्हणून सकाळी दव वाळल्याशिवाय ते उतारावर जात नाहीत, आणि ओढ्याच्या कडेला दोन यंत्रांच्या रुंदीएवढी पट्टी सोडून देतात. ती पट्टी आणि थडग्यांमधल्या अरुंद जागा ते हातयंत्राने करतात. यंत्राला मागे उभा दांडा आहे, उलटलं तर माणूस चिरडू नये म्हणून. तो वर असेल तेव्हा पट्टा बांधायचाच. झाडाखालून जाण्यासाठी तो पाडला असेल तर पट्टा बांधायचा नाही, कारण तेव्हा यंत्रातून सुटता आलं पाहिजे.

यंत्र दफनभूमीपर्यंत न्यायचं ते ट्रेलरवरून. ट्रेलर ठेंगणा असतो, त्यामुळे त्याचं रुंद फळकूट टेकवलं की चढ बेताचा होतो. खरी पंचाईत पिकअपची. तिचा मागचा भाग जमिनीपासून साधारण तीन फूट वर असतो. आठ फुटी रॅम्प लावला तर चढ बावीस अंशांच्या आसपास जातो. पंधरा अंशांत राहायचं तर रॅम्प साडेअकरा फुटांच्या वर लागेल. एवढा लांब रॅम्प कुणाकडे नसतो. शेजारी पिकअपची मागची चाकं चराच्या खोलगटीत उतरवतात आणि रॅम्पचं दुसरं टोक चराच्या काठावर टेकवतात, की उंची आपोआप कमी होते. रॅम्प साखळीने गाडीला बांधल्याशिवाय त्यावर चाक चढवायचं नाही. चढताना मागची चाकं रॅम्पला मागे रेटतात; तो निसटला तर अडीच-तीनशे किलोचं धूड माणसासकट खाली येतं. पाती बंद, वेग अगदी कमी, आणि यंत्र चढवायचं रिव्हर्समध्ये. इंजिन मागे असल्याने जड बाजू वर राहते आणि पुढची चाकं उचलली जात नाहीत. वर गेल्यावर हँडब्रेक, किल्ली बाहेर, पेट्रोलची तोटी बंद, आणि चारी कोपऱ्यांना घट्ट ताणलेले पट्टे. पेट्रोलचा कॅन भरायचा असेल तर ते तो गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवतात. प्लास्टिकचं अस्तर असलेल्या पिकअपमध्ये कॅनवर साचलेल्या स्थिर विजेला जमिनीत जायला वाट मिळत नाही, आणि ठिणगी पडायला तेवढं पुरतं.

काम संपल्यावर यंत्र लगेच शेडमध्ये जात नाही. इंजिन निवेपर्यंत बाहेरच उभं राहतं. सायलेन्सरजवळ अडकलेलं वाळकं गवत पेट घेऊ शकतं, आणि घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये गॅसचा वॉटर हीटर असेल तर पेट्रोलच्या वाफेला त्याची ज्योत जवळच सापडते. गरम टाकीत पेट्रोल ओतायचं नाही, हेही त्यातच आलं. डेकखाली साफ करायचं असेल तर किल्ली काढायची, स्पार्क प्लगची वायर सोडवून बाजूला करायची, हातात जाड मोजे घालायचे. नुसत्या जॅकवर उचललेल्या यंत्राखाली शेजारी हातसुद्धा घालत नाहीत, खाली भक्कम स्टँड लावतात.

नोव्हेंबरात टाकीत स्टॅबिलायझर घालून इंजिन थोडा वेळ चालवलं जातं, म्हणजे ते कार्बुरेटरपर्यंत पोहोचतं. बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर काढायची, मग पॉझिटिव्ह. डेक खाली टेकवलेला, किल्ली घरात. हिवाळ्यात उंदीर इंजिनाच्या झाकणाखाली घर करतात, म्हणून वसंतात पहिल्यांदा सुरू करण्याआधी झाकण उघडून बघायचं.

त्यानंतर शेजारी एक चाचणी घेतात. मोकळ्या, सपाट जागी सीटवर बसून पाती सुरू करतात आणि पाय जागेवरून न हलवता सीटवरून किंचित उठतात. इंजिन तत्काळ बंद पडलं पाहिजे. खड्ड्यातून जाताना इंजिन सारखं बंद पडतं म्हणून काही लोक सीटखालच्या स्विचच्या दोन वायरी जोडून टाकतात. मग माणूस खाली पडला तरी पाती फिरतच राहतात. जुनं यंत्र विकत घ्यायला कुणी त्यांना बरोबर नेलं, तर ते सगळ्यात आधी सीट उचलून त्या वायरी बघतात, आणि जोडलेल्या दिसल्या तर स्विच नवा बसवेपर्यंत यंत्र सुरू करू देत नाहीत.