कोल्हा काकडीला राजी

'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण आपण अल्पसंतुष्ट माणसाला उद्देशून वापरतों. पण ज्यानें ती प्रथम उच्चारली त्यानें कोल्ह्याचें शील नीट पाहिलें होतें, यांत संशय नाहीं. उंदीर, खेकडे, टोळ यांप्रमाणेंच बोरें, जांभळें, कलिंगड, ऊस व काकडीहि हा प्राणी आवडीनें खातो. अमरकोशानें त्याला मृगधूर्तक, वंचक अशीं नांवें दिलीं. पंचतंत्रानें करटक-दमनकांच्या रूपानें त्याला राजकारणी बनविलें. या कीर्तीमुळें परसांत त्याचें पाऊल उमटलेलें दिसलें कीं घरांतील मंडळी काठी शोधूं लागतात. वस्तुतः तो आमंत्रणावरून आलेला असतो, आणि आमंत्रण आपणच दिलेलें असतें.

आधीं पाहुणा ओळखावा. कोंकणच्या वाड्यांत, उसाच्या मळ्यांत, मुंबईच्या खाडीकांठच्या तिवरांत हिंडतो तो कोल्हा. देशावरच्या माळरानांत बिळें करून राहणारें, मांजराहून थोडें मोठें, झुपकेदार शेपटीचें तें खोकड. तें बहुतेक उंदीर-किड्यांवर निर्वाह करतें. त्याचा उपद्रव थोडा, उपकार अधिक. दोघांनाहि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार आहे. त्यांना फासा लावणें वा विष घालणें हा गुन्हा होय. शिवाय विष घातलेला तुकडा कोल्हाच उचलील असें थोडेंच आहे? ज्या घरांत मुलें रांगतात त्या घराच्या परसांत असा तुकडा टाकणाऱ्याला शहाणा म्हणणें आम्हांस तरी जमत नाहीं.

तेव्हां आमंत्रण मागें घ्यावें. उष्टें-खरकटें केळीच्या बुंध्याशीं टाकण्याची आपली चाल जुनी आहे, व केळीला ती मानवतेहि; पण रात्रीं तेंच कोल्ह्याचें ताट होतें. खरकटें खड्ड्यांत टाकून वर मातीचा जाड थर द्यावा व झांकण ठेवावें. पडलेले आंबे, पेरू, चिकू सायंकाळपूर्वीं वेचून घ्यावे. हें काम मुलांवर सोंपवावें. निम्मीं फळें घरापर्यंत पोंचत नाहींत, एवढेंच. माडाच्या आळ्यांत मासळीचें खत घातलें असेल तर वासानें तो तें उकरणारच. तेथें शेणखत बरें. शेजारीं कोंबड्या असतील तर खुराडें तिन्हीसांजेला बंद करण्याविषयीं गोडीनें सांगावें.

कुंपणाला जाळी लावणें झाल्यास ती ३० सेंटिमीटर तरी जमिनींत पुरून तळाशीं बाहेरच्या बाजूस वळवावी, म्हणजे उकरणाऱ्याच्या पायाखालीं जाळीच येते. मिरचीची पूड पसरण्याचा उपाय कोणी सांगतात. वाऱ्यानें ती प्रथम आपल्याच डोळ्यांत जाते. हालचाल होतांच आपोआप लागणारे दिवे हल्लीं मिळतात. त्यांनीं तो दचकतो खरा, पण त्यांची जागा अधूनमधून बदलली नाहीं तर थोड्याच दिवसांत तो त्यांच्याच उजेडांत फराळ करूं लागतो.

एका बाबतींत मात्र दयेबरोबर सावधपणा हवा. २०२४ सालीं मुंबईंत चेंबूर भागांतील कोल्ह्यांना रेबीज झाल्याचें आढळलें होतें. भरदिवसां झोंकांड्या खात अंगावर येणाऱ्या जनावराजवळ कोणींहि जाऊं नये. मुलांना घरांत घेऊन वनखात्यास कळवावें. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबणानें, वाहत्या पाण्याखालीं १५ मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं रुग्णालयांत जाऊन लस घ्यावी. हळद, चुना वा मंत्र यांवर विसंबूं नये.

बागेच्या कोपऱ्यांत बीळ सांपडलें तर तें तत्काळ बुजवूं नये. खोकडाचीं पिलें साधारणतः माघ-फाल्गुनांत जन्मतात. घाईनें लोटलेल्या मातीखालीं तीं जिवंत गाडलीं जातील. पिलें हिंडूं-फिरूं लागलीं कीं आई त्यांना घेऊन स्वतःच निघून जाते. तोंवर मुलांना व कुत्र्याला तिकडे जाऊं देऊं नये. पुढें बिळाच्या तोंडाशीं वाळलेलीं पानें सैल पसरून ठेवावींत. चार-पांच दिवस तीं हललीं नाहींत, तर मग खुशाल फावडें घ्यावें.