गिटारला कागद लावून तर बघा!

गिटारच्या तारांमधून वहीचा कागद ओवला, तर काय होईल सांगा पाहू? ‘आवाज बंद होईल’ आणि ‘दादा ओरडेल’, ही दोन उत्तरं मला इथूनच ऐकू आली! दुसऱ्याबद्दल मी काही बोलत नाही. गिटार दादाची असेल तर आधी त्याला विचाराच. पण पहिलं उत्तर मात्र चूक.

१९५६ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात जॉनी कॅश नावाचा चोवीस वर्षांचा गायक ‘आय वॉक द लाइन’ हे गाणं ध्वनिमुद्रित करत होता. साथीला माणसं दोनच, एक गिटारवाला आणि एक बास वाजवणारा. ड्रमवाला नाहीच! आणि ठेका तर हवा. मग कॅशने कागदाची घडी करून ती स्वतःच्या गिटारच्या तारांत अडकवली. आता तारांवरून हात फिरवला की सूर कमी आणि ‘छक् छक्’ जास्त. ड्रमवर ब्रश फिरवल्यासारखं. गाणं खूप गाजलं, आणि त्यातला कागदाचा ठेका आजही ऐकायला मिळतो.

तुम्हालाही हे जमेल. दोन बोटं रुंदीची कागदाची पट्टी घ्या. घोडीजवळ, म्हणजे तारा पेटीवर जिथे टेकतात तिथे, चटई विणतात तशी ती ओवा. एका तारेच्या वरून, दुसरीच्या खालून, पुन्हा वरून. तार हलायला लागली की कागद तिला लगेच अडवतो, म्हणून सूर लांबत नाही. आणि कागद स्वतः थरथरतो, म्हणून छक् छक्. जाड कागद, पातळ कागद, चॉकलेटची चांदी, प्रत्येकाचा आवाज निराळा. चांदी सगळ्यात बेरकी! ती चुरचुरते.

आता तुम्ही म्हणाल, ‘बाई, हे तर खेळ झाले, खरं संगीत कुठे?’ तंबोरा आठवा. घोडीवर तारेखाली एक दोऱ्याचा तुकडा सरकवलेला असतो. बघितलाय कधी? तो दोरा केसभर पुढे-मागे केला की तार घोडीला अगदी हलकी घासते आणि गोड झंकार उठतो. त्याला जवारी म्हणतात. मिरजेचे कारागीर घोडी घासून-घासून ही जवारी जमवतात. तिथे दोरा, इथे कागद. तारेला काहीतरी लागू द्यायचं, एवढंच दोन्हीकडे चाललेलं आहे.

तारेला नुसतं बोट लागलं तर? गिटार शिकणाऱ्यांना पहिली बोलणी याच्यावरून बसतात. बोट नीट दाबलं नाही, की तार ‘थड्’ करते. सर म्हणतात, दाब, जोरात दाब! पण एक जागा अशी आहे, की तिथे मुळीच दाबायचं नसतं.

गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या फ्रेट. टोकाकडून बारावी फ्रेट मोजा. बरोबर त्या पट्टीच्या वर, दोन पट्ट्यांच्या मध्ये नव्हे बरं का, तारेवर बोट टेकवा. साबणाच्या फुग्याला लावावं इतकंच हलकं. दुसऱ्या हाताने तार छेडा आणि लगेच बोट उचला. टिंग! घंटीसारखा स्वच्छ, उंच सूर.

मी एकदा चौथीच्या वर्गात जुनी गिटार नेली होती. तारा चारच शिल्लक. मुलांना म्हटलं, बोट सरकवत जा आणि आवाज कुठे बदलतो ते शोधा. बराच वेळ थड् थड् चाललं. मग एरवी वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी एकदम ओरडली, “बाई, इथं घंटी लपलीय!” ती होती सातवी फ्रेट. बारावी इतरांनी शोधली होती, सातवी हिने एकटीने.

घंटी तिथेच का लपते? छेडलेली तार नुसती अख्खी हलत नसते. त्याच वेळी ती दोन भागांत, तीन भागांत, चार भागांतही थरथरत असते. हे सगळे सूर एकमेकांत मिसळून आपल्या कानावर येतात. बारावी फ्रेट तारेच्या बरोबर निम्म्यावर असते. तिथे बोट टेकलं, की अख्ख्या तारेचं हलणं थांबतं. पण दोन भागांचं थांबत नाही, कारण त्या दोन भागांच्या मधला बिंदू मुळात स्थिरच असतो! सातवी फ्रेट एकतृतीयांशावर आणि पाचवी एकचतुर्थांशावर. मोकळी तार ‘सा’ मानली, तर बारावीवर वरचा सा, सातवीवर त्याच्याही वरचा प आणि पाचवीवर आणखी वरचा सा. टेप घेऊन मोजा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

याच फ्रेट्सना बगल देणारा एक शाळकरी मुलगा हवाई बेटांवर होता, जोसेफ केकुकू. फ्रेटमुळे सूर जिन्यासारखे पायऱ्यापायऱ्यांनी चढतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारांवरून गुळगुळीत पोलादी कांडी सरकवायला सुरुवात केली. पायऱ्या गेल्या, घसरगुंडी आली! ही घसरगुंडी म्हणजे आपली मींड. म्हणूनच ही गिटार आपल्या रागदारीला मानवली. ब्रिजभूषण काबरा यांनी १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरीच्या जोडीला ती वाजवली. जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी तिला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली, आणि १९९४ साली त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

काहींनी तर याहून धमाल केली. इंग्लंडच्या फ्रेड फ्रिथने तारांना क्रोकोडाइल क्लिपा लावल्या. विज्ञानाच्या पेटीत असतात ना, त्याच! क्लिपेच्या वजनाने तारेचं दोन-तीन-चार भागांचं गणितच बिघडतं आणि सूर थाळीसारखा, टोलासारखा वाजतो. १९७४ सालच्या ‘गिटार सोलोज’ या त्याच्या तबकडीतले काही आवाज गिटारचे आहेत हे सांगावं लागतं. न्यूयॉर्कचा ‘सॉनिक यूथ’ हा बँड तर तारांखाली चक्क स्क्रूड्रायव्हर खुपसायचा.

तुम्ही स्क्रूड्रायव्हर नका घेऊ. तार ताणली जाऊन तुटली, तर थेट चेहऱ्यावर येते. शिवाय चरे पडतात. हा प्रयोग फळीवर करा. घरात गिटार नसली तरी चालेल. लांब फळीवर साठ सेंटिमीटर अंतरावर दोन खिळे मोठ्या माणसाकडून ठोकून घ्या, त्यांच्यात पातळ तार किंवा नायलॉनची दोरी ताणून बांधा आणि दोन्ही टोकांना खिळ्यांना लागूनच एकेक जाड पेन्सिल तारेखाली सरकवा. छेडून पाहा. आवाज बारीक आला, तर फळी रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर ठेवा.

आता तिसरी पेन्सिल घ्या. ती तारेखाली वीस सेंटिमीटरवर सरकवा. एका बाजूला तार वीस सेंटिमीटर, दुसरीकडे चाळीस. आधी लांब तुकडा छेडा, मग आखूड. दोन्ही सूर एकच आहेत की वेगळे, ते भावाला किंवा बहिणीला डोळे मिटून ऐकायला सांगा. मग पेन्सिल हळूहळू तीस सेंटिमीटरकडे ढकलत न्या.